न हलणारा हात

संस्थेत तिला सगळे खडेबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण अशी नावं कानावर यायची ती येतातच, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. इतकी वर्षं खड्यांच्या मागे हात धुऊन लागलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

हे खडे म्हणजे रेशमाच्या अळीचं दुखणं. एक विषाणू अळीच्या पोटात शिरतो, तिच्याच पेशींना कामाला जुंपून एक प्रथिन ढिगाने बनवून घेतो, त्या प्रथिनाचा चौकोनी ठोकळ्यासारखा स्फटिक रचतो आणि आपण आत दडून बसतो. अळी मरते, सडते, मातीला मिळते. खडा मात्र जसाच्या तसा. ऊन, थंडी, कोरड, कशालाही तो दाद देत नाही. वर्षानुवर्षं मातीत पडून राहील आणि आतला विषाणू खुशाल असेल. मग एखाद्या पानाबरोबर तो दुसऱ्या अळीच्या पोटात गेला, की तिथला रस त्याला भेटतो. अळीच्या पोटातला रस आपल्यासारखा आंबट नसतो, साबणाच्या पाण्याच्या जातीचा असतो. त्यात हा एवढा कणखर खडा बघता बघता विरघळतो आणि आतली मंडळी बाहेर पडून कामाला लागतात. इतका घट्ट खडा बांधलाय कसा, आणि नेमका तिथेच सुटतो कसा, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. या एवढ्याशा गोष्टीपायी तिने दोन चांगल्या नोकऱ्यांवर पाणी सोडलं होतं आणि सख्ख्या भावाचा अबोला ओढवून घेतला होता.

खडा केवढा, तर केसाच्या जाडीत असे वीसेक आरामात मावतील. त्याच्या आतली रचना बघायची तर क्ष-किरण लागतात, आणि तेही दवाखान्यातले नव्हेत; शेजारच्या शहरातल्या गोल इमारतीत जे अजस्र यंत्र आहे, त्याचे. पण एवढासा जीव त्या किरणांपुढे टिकणार किती? दोन-चार चित्रं देतो आणि जळून जातो. म्हणून या धंद्यातली सगळी मंडळी जे करतात तेच तिनेही केलं होतं. शेकडो खडे घ्यायचे, प्रत्येकाकडून थोडं थोडं काढून घ्यायचं आणि संगणकात सगळ्याची बेरीज मारायची. त्या बेरजेतून प्रथिनाचा नकाशा निघाला आणि सर खूश झाले. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती. त्यांनी तो नकाशा गावोगावच्या व्याख्यानांत दाखवला, टाळ्या घेतल्या आणि निवृत्तीआधीचा आपला शेवटचा लेख त्याच्यावर लिहून तयार ठेवला.

फक्त एका जागी नकाशा गढूळ होता. प्रत्येक रेणूला एक लांब हात होता आणि तो शेजारच्याला धरायला पुढे गेलेला होता. नकाशात तो एक हात ठळक न दिसता दोन पुसट हात दिसत, एक इकडे गेलेला, एक तिकडे.

"हात हलतो," सर म्हणाले होते. "हलणारी गोष्ट पुसटच येणार."

तेव्हा तिने मान डोलावली होती. पण नंतर भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना ते वाक्य तिला टोचत राहिलं. जो खडा वर्षानुवर्षं मातीत पडून राहतो, कशाला म्हणून दाद देत नाही, त्याचे हात आतल्या आत हलत असतील? ज्या हाताने शेजाऱ्याला धरलंय तोच ढिला असेल, तर मग हा सगळा डोलारा उभा आहे तरी कशाच्या जोरावर? सर म्हणतात ते पटवून घ्यायचा तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि तो जमेना. मग तिने बेरजेकडेच मोर्चा वळवला, आणि महिनाभर मान मोडून बसल्यावर तिला चूक सापडली. ती तिची स्वतःची होती. बेरीज तिनेच मारली होती.

दुसऱ्या दिवशी ती एक लाकडी ठोकळा घेऊन सरांच्या खोलीत गेली. ठोकळ्याच्या सहाही बाजूंवर तिने मधोमध एकेक रेघ ओढली होती. तो सरांच्या टेबलावर ठेवून तिने विचारलं, ही समोरची रेघ कशी आहे? सर म्हणाले, आडवी. तिने ठोकळा पाव वळणाने समोरच्या समोर फिरवला. आता रेघ उभी होती.

मग तिने सांगायचं ते सांगितलं. ठोकळा तोच, कडा त्याच, कोपरे तेच. संगणक खडा ओळखतो तो कडांवरून. त्याला आडवा खडा आणि उभा खडा यांत फरक कळत नाही, म्हणून तो दरवेळी मनाला येईल तसा एकाला आडवा धरतो, दुसऱ्याला उभा. आपण शेकडो खड्यांची बेरीज केली, पण त्याआधी ते एका दिशेने लावून घेतलेच नाहीत. अर्ध्यांच्या रेघा आडव्या, अर्ध्यांच्या उभ्या. एकावर एक पडल्यावर काय दिसणार? अधिकचं चिन्ह. दिसायला सुबक, दोन्हीकडून सारखं. पण तसा खडा जगात कुठेच नाही. हात दोन नाहीत आणि हलतही नाहीत. हात एकच आहे, आपणच तो दोनदा काढलाय.

सरांनी ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. ते काही दुष्ट माणूस नव्हते. पण त्या अधिकच्या चिन्हावर त्यांनी चार ठिकाणी टाळ्या घेतल्या होत्या, आणि ऐकलेल्या टाळ्या परत करणं कोणालाच सोपं जात नाही. खेळणं छान केलंस, ते म्हणाले, पण पुरावा? तिने कबूल केलं की नाही. जुने खडे एकमेकांशी ताडून बघायचा प्रयत्न केला होता, पण प्रत्येकाने इतकं थोडं दिलेलं की नुसत्या कानावरून माणूस ओळखण्यातली गत. त्यासाठी आधी एक तरी खडा असा हवा, जो एकट्याने सगळं चित्र देईल. एकाच खड्यात सरमिसळ कशी होणार? पण तेवढा टिकायचा तर तो मोठा हवा, आणि एवढा मोठा खडा आजवर कोणी पाहिला नव्हता.

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. यंत्रावरची आपली पाळी पुढच्या महिन्यात आहे, ते म्हणाले, त्यानंतर वर्षभर मिळणार नाही. तोवर ते लेख थांबवतील. तोवर जमलं नाही, तर लेख आहे तसा छापायला जाईल, हे काम बंद होईल आणि तिला पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायला जावं लागेल.

"लेखावर दुसरं नाव तुझं आहे," ते म्हणाले. "काढायचं असेल तर आत्ताच सांग."

"नाव राहू द्या, सर," ती म्हणाली. "नकाशा बदलेल."

बाहेर आल्यावर ती जिन्यातच दिवस मोजू लागली. बोलून तर बसली होती.

मोठा खडा आकाशातून पडणार नव्हता. उकाड्यात वाढवलेली अळी लागण झाल्यावर चार दिवसांत मरते. तेवढ्यात खडा वाढून वाढून वाढणार किती? तिचा हिशेब असा होता की अळीला गारव्यात ठेवली तर दुखणं रेंगाळेल, अळी जास्त दिवस तग धरेल आणि खड्यावर थरावर थर चढत राहतील. पण संस्थेतली अळ्यांची खोली सगळ्यांची सामाईक, तिथली ऊब कोणी कमी करू देईना. आणि शीतगृहात अळी गारठूनच मेली असती. हवं होतं मधलंच काहीतरी.

तिच्या नवऱ्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने एका भंगारात निघालेल्या, काचेच्या दाराच्या फ्रिजचं पोट उघडलं, त्यात पंखा बसवला, तारा बदलल्या आणि कप्प्यांच्या जागी लाकडी ट्रे सरकवले. आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणतंय की फ्रिज जरा कमी थंड कर, असं तो येईल त्याला सांगत होता. हा विषाणू माणसाच्या, कुत्र्यामांजराच्या वाटेला जात नाही, म्हणून संस्थेने परवानगीचा कागदही दिला. फ्रिज मागच्या खोलीत आला आणि लागण केलेल्या अळ्या तिने संस्थेतून आणून त्यात ठेवल्या. त्याला लागूनच सासूबाईंचं शिवणयंत्र होतं.

सासूबाईंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. त्यांनी काचेतून वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या आणि नाक मुरडलं. "लोकांच्या सुना अंगठीतले खडे मागतात," त्या म्हणाल्या. "आमची अळीच्या पोटातले शोधते." पण सून दिवसभर कामावर, मुलगा दुकानात, घरी राहणार त्याच. मग आपसूकच अळ्यांचं सगळं त्यांच्या गळ्यात पडलं. तुतीची कोवळी पानं पुसून बारीक कापायची, ट्रे झाडायचे, आणि एखादी अळी मेली की ती चिमट्याने उचलून पाण्याच्या छोट्या बाटलीत टाकायची. चार दिवसांत त्यांची तक्रार बंद झाली, आठवड्याभरात त्या अळ्यांशी बोलू लागल्या. आज ही जेवली नाही, आज तिचा रंग गेलाय, असं त्या रोज संध्याकाळी सुनेला सांगत, आणि ती खरोखरच कान देऊन ऐकत असे.

अळ्या एकेक करून मरत गेल्या, बाटल्या भरत गेल्या. शेवटच्या ट्रेमधल्या पाच मात्र मरायचं नाव घेईनात. पांढऱ्याफटक पडलेल्या, अर्ध्याने आक्रसलेल्या, तरी पानाची कड कुरतडत पडलेल्या. त्यांना लागण नीट झालीच नसावी असं तिला वाटलं. आई, त्या पाच टाकून द्या, असं सांगून ती बाटल्या घेऊन संस्थेत गेली.

पहिल्या बाटलीतला थेंब तिने मायक्रोस्कोपखाली ठेवला. अळीच्या चिंध्या दिसल्या, पेशींचा गाळ दिसला. खडा एकही नाही. दुसरी बाटली तशीच, तिसरीही तशीच. एरवी एका थेंबात वाळू सांडल्यासारखे खडे असायचे. लागण झाली नाही म्हणावं तर अळ्या मेल्या कशाने? फ्रिजने दगा दिला म्हणावं, तर नवऱ्याने रोज दोनदा पारा तपासला होता. शेवटी काहीच सुचेना तेव्हा तिने लिटमसचा तांबडा कागद बाटलीत बुडवला. कागद गर्द निळा झाला. तिने दुसरा कागद दुसऱ्या बाटलीत बुडवला, तोही निळा. मग ती स्टुलावर बसली आणि उरलेल्या बाटल्यांकडे नुसती बघत राहिली.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. "आई, बाटल्यांत पाण्याशिवाय काय घातलं होतं?"

"पाणीच," सासूबाई म्हणाल्या. "आणि चिमूटभर धुण्याचा सोडा. वास मरावा म्हणून. घाण नको ना यायला, तुला हातात धरायच्या होत्या."

खड्याला जगात एकाच गोष्टीचं भय, आणि तीच सासूबाईंनी मायेने चिमूट चिमूट प्रत्येक बाटलीत टाकली होती. खडे अळीच्या पोटात असल्याच्या भ्रमात निमूट विरघळून गेले होते. हे कळत असूनही तिचा तोल गेला. "माझी इतकी वर्षं तुम्ही चिमूटभर सोड्यात घालवलीत," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला वाटलं की जीभ हासडून घ्यावी. सासूबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. त्या आत गेल्या, त्यांनी दार लोटून घेतलं आणि जेवायला उठल्या नाहीत. नवरा एकदा या दारापाशी, एकदा त्या दारापाशी असा उभा राहिला आणि शेवटी दुकानात निघून गेला, कारण फ्रिज बिघडला तर काय करायचं हे त्याला ठाऊक होतं, हे नव्हतं.

ती मागच्या खोलीत जमिनीवर बसली. पाळी जवळ आली होती. नव्या अळ्यांना लागण करून पुन्हा वाढवायला वेळ उरला नव्हता. प्रात्यक्षिकांना जायचं, मुलांना लिटमस शिकवायचा, आणि दर वर्षी कुठल्या तरी पुस्तकात ते अधिकचं चिन्ह आपल्या नावाखाली बघायचं. असल्या आयुष्याचं चित्र तिने मन घट्ट करून डोळ्यांपुढे आणून पाहिलं, आणि तिला रडू येण्याऐवजी संताप आला. चुकीचं आहे ते चुकीचंच. ते आपल्या हाताने झालंय, म्हणजे निस्तरायचंही आपल्याच हाताने.

पाठीमागे दार वाजलं. सासूबाई उभ्या होत्या.

"त्या पाच मी टाकल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "खात होत्या गं. खाणाऱ्याला कसं टाकायचं?"

तिने ट्रे ओढला. पाचही होत्या. एक पान कुरतडत होती, बाकीच्या निपचित पण जिवंत. ती बघत राहिली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लागण झाली नव्हती कशावरून? या रोगटच होत्या, दिसतच होतं. फक्त गारव्यात रेंगाळल्या होत्या. ज्या लवकर मेल्या त्यांच्या पोटातले खडे विरघळले नसते, तरी ते लहानच निघाले असते. ज्या अजून मेल्या नाहीत त्यांच्या पोटात थर अजून चढत होते. आपण नेमका उलटा विचार केला, हे तिला आता कळलं. तिने सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि चुकलं म्हणाली. सासूबाई म्हणाल्या की चुकलं ते दोघींचं, आता पुढे काय करायचं ते सांग.

पुढे एकच गोष्ट करायची होती: थांबायचं. हे काम तिला कधीच जमलं नव्हतं. रोज उठून तिला वाटायचं की आज कापावी एक, बघावं आत काय आहे, आणि रोज ती हात आवरायची. खडा वाढायचा तर अळी जगायला हवी, आणि अळी जगायची तर तिने खायला हवं. सासूबाईंनी शिवणयंत्रावरचं काम बाजूला ठेवलं आणि पानांच्या शिरा काढून, सुईच्या टोकाएवढे तुकडे करून एकेकीच्या तोंडाशी धरायला सुरुवात केली. तीन मेल्या. बाटलीत नुसतं पाणी आहे ना, हे सासूबाई आता दोन-दोनदा विचारून घेत. चौथीही गेली. पाचवी यंत्राच्या पाळीच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत तग धरून होती. त्या दिवशी तिने पान सोडलं आणि दुपारी ती संपली. सासूबाईंनी ती स्वतः चिमट्याने उचलली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

संस्थेत तिने एकेका बाटलीतला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. खडे होते. पहिल्या चौघींचे नेहमीपेक्षा मोठे, पण पुरेसे नाहीत. पाचवीच्या थेंबात लहानसहान खड्यांच्या गर्दीत दोन असे होते की तिने आधी धुळीचे कण समजून सोडून दिले. मग भिंग बदलून पाहिलं तर काटकोनात कडा, सरळ कोपरे. नेहमीच्या खड्याच्या पाचपट तरी रुंद. तिने केसाहून बारीक फासाने पहिला उचलायला घेतला आणि तो फासावरून निसटून कुठे गेला तो गेलाच. दुसऱ्याला हात घालण्याआधी तिने उठून खोलीतला पंखा बंद केला, दाराला आतून कडी लावली, आणि श्वास रोखून तो उचलला.

यंत्राच्या इमारतीत सर तिच्या आधी येऊन बसले होते. ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. यंत्र चालवणाऱ्या माणसाने खडा पडद्यावर पाहिला आणि तो मनापासून हळहळला. इतका सुरेख खडा एकटाच वापरायचा म्हणजे जुगार आहे, तो म्हणाला. नेहमीसारखं करा, याच्याकडून चार चित्रं घ्या, बाकीची लहान खड्यांकडून. निदान हात हलवत तरी परत जावं लागणार नाही. तसं करताना चित्रं कमी पडली तर आणखी लहान खडे लावता येतात, पण खडा मधेच जळाला तर हाती काही येणार नाही, आणि दुसरा खडा तुमच्याकडे नाही.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते. अजूनही मागे फिरता येत होतं. चार चित्रं घेऊन परत गेलं असतं तर कोणी तिला नावं ठेवली नसती.

"सगळं याच्याकडूनच," ती म्हणाली. "किरण मंद करा. मंद केलेत त्याच्याही निम्मे करा. आणि थांबायचं नाही."

किरण सुरू झाले. खडा केसाकेसाने फिरत होता आणि पडद्यावर ठिपक्यांची एकेक रांगोळी उमटत होती, फिकट, पण स्पष्ट. निम्मं झालं तेव्हा कडेचे ठिपके विझायला लागले. यंत्रवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने हाताने खूण केली, चालू द्या. आणखी थोडं फिरल्यावर ठिपके अजून आत सरकले. अशा खड्याला पूर्ण फिरवायची गरज नसते, पण जेवढं लागतं तेवढं तर लागतंच, आणि ते होईपर्यंत तिने खुर्चीची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. शेवटचं चित्र आलं तेव्हा पडद्यावर मोजके ठिपके उरले होते. खडा संपला होता. पण घ्यायचं होतं ते सगळं घेऊन झालं होतं.

पुढचं काम संगणकाचं. नकाशा काढताना संगणकाला दिलेल्या जुन्या रचनेतून तिने हात मुद्दाम वगळला होता. आपण ठेवलेला हात आपल्यालाच दिसला तर त्यात काय मोठंसं. न ठेवता तो आपणहून दिसतो का, हे बघायचं होतं. आकडे फिरले, जाळी भरत गेली, रेणूचं धड उमटलं. मग धडाच्या एका अंगाने एक ठळक रेघ निघाली, वळली आणि शेजारच्या रेणूच्या काखेत जाऊन घट्ट रुतली. तिथे हाताला धरून ठेवणारे कोपरे एकेक करून मोजता येत होते. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा कपाळावर चढवून नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून ते बघत होते. त्यांनी नकाशा फिरवायला सांगितला, तिने फिरवला. पुन्हा फिरवायला सांगितला. ते काही शोधत होते, दुसरा हात शोधत होते, हे तिला कळत होतं, आणि या क्षणी त्यांना तो सापडू नये असं वाटण्याची तिला लाज वाटली. मग त्यांचं शोधणं थांबलं.

"हलत नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. यंत्रवाला चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेला. तिच्या मनात आलं की आता काहीतरी मऊ बोलावं, चूक बेरजेत होती आणि बेरीज माझी होती, असं सांगावं. पण ते त्यांना ठाऊकच होतं, आणि टाळ्या त्यांनी घेतल्या होत्या हेही त्यांना ठाऊक होतं. आता जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि तिला वाटत होती नुसती माया. या माणसानेच तिला पहिला खडा दाखवला होता.

"सर, आता जुने सगळे खडे याच्याशी ताडता येतील," ती म्हणाली. "जे आडवे पडलेत ते आडव्यांत, उभे पडलेत ते उभ्यांत, आणि मग सगळे एका दिशेने. पण याला स्वतःला आडवा म्हणायचं की उभा, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही बरोबर आहे. कोणीतरी एकदा म्हणायचं आणि मग सगळ्यांनी तेच धरून चालायचं." तिने की-बोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही म्हणा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"आडवा," ते म्हणाले. मग चष्मा पुसून नाकावर नीट बसवला, बाह्या सारल्या आणि जुन्या खड्यांपैकी पहिला कुठे ठेवला आहेस, ते विचारलं.